चित्रफितीची भट्टी कोणाच्या मालकीची?



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा ऊसतोड कामगारांच्या चळवळीचा इतिहास आम्ही सांगावा अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय बदलून मागितला. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले; पुढे जे काही कळले ते संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात आणि आमच्याहून वयाने लहान अशा माणसांजवळ बसून कळले. अशा माणसाने संगणकावरील चित्रफितींच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय आमच्याकडे पुस्तकातून आलेला नाही. तो एका नुकसानीतून आला. ते नुकसान प्रथम सांगतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात, पट्टा पडून टोळ्या गावी परतल्यावर, आम्ही ईट आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील वृद्ध ऊसतोड कामगारांच्या हकिकती टिपून ठेवण्याचे ठरवले. एका शिक्षकमित्राच्या कॅमेऱ्यावर एकूण ३१ तासांचे चित्रण झाले. उचल किती घेतली, मुकादमाने हिशेब कसा केला, कोप्या कशा पडल्या, फडावर बाळंतपण कसे झाले, हे सारे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. इतके चित्रण मोबाइलवर कोणास पाहता येईना. एकेक फाइल डोंगराएवढी. तेव्हा एका कार्यकर्त्याने इंटरनेटवरील एका परदेशी कंपनीची सेवा सुचवली. मूळ चित्रण तिच्याकडे पाठवायचे. ती ते लहान करून आपल्याच जागेवर ठेवी, आणि मिनिटामागे आकार लावी. पहिला महिना फुकट होता. दोन वर्षांनी दर बदलले. संघटनेच्या वर्गणीतून ते झेपेनात, दोन महिन्यांचे बिल थकले आणि खाते बंद झाले. कंपनीने करारात लिहिले होते तसेच केले. कॅमेऱ्याची मूळ कार्डे आम्ही पुसून पुन्हा वापरली होती, ही चूक आमची. इकडून तिकडून २२ तास परत जमले. ९ तास गेले ते गेलेच. त्यांत एका आजीबाईंची हकिकत होती. त्या पुढच्याच वर्षी वारल्या.

पहिल्या महिन्याची फुकट सेवा ही उचलच होती, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले नाही. उचलीवर ज्याने आयुष्यभर भाषणे केली, त्यानेच ती घेतली! त्या दिवसापासून आम्ही चौकशी सुरू केली की, ही चित्रे लहान करण्याची विद्या आहे तरी काय, ती कोणी शोधली, आणि ती भाड्यानेच घ्यावी लागते काय? त्या चौकशीत जो इतिहास सापडला तो आज आपल्यापुढे ठेवतो.

दूध आणि खवा

आपला भूम तालुका खव्याचा. कुंथलगिरीचा पेढा माहीत नाही असा माणूस या सभेत नसेल. म्हणून हा विषय समजण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. चार-पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा होतो. दूध फार लांब नेता येत नाही, खवा पुण्या-मुंबईस जातो. चित्रफितीचेही तसेच आहे.

चित्रफीत म्हणजे सेकंदाला पंचवीस छायाचित्रे. आजच्या नेहमीच्या मोठ्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास संगणकाची तीन अक्षरे, म्हणजे तीन बाइट, लागतात. गुणाकार केला तर एका छायाचित्रास सुमारे ६२ लाख बाइट होतात. एका सेकंदास साडेपंधरा कोटी. आणि तासाभराच्या चित्रफितीस सुमारे ५६० गिगाबाइट. चौसष्ट गिगाबाइटचा मोबाइल सात मिनिटांच्या आत भरून जाईल. प्रत्यक्षात हाच तास दोनेक गिगाबाइटांत, पाहण्यास चांगला अशा रूपात मावतो. हे जे आटवणे, त्यास एन्कोडिंग म्हणतात. आटवण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. आणि ज्या प्रोग्रॅमने ते होते ती आपली भट्टी.

आटते काय? एक माणूस फडापुढे उभा राहून बोलत आहे असे समजा. त्याच्यामागचा ऊस या चित्रात आहे तसाच पुढच्या चित्रात आहे. मग तो पुन्हा पुन्हा कशास लिहावा? ‘मागच्यासारखेच’ एवढे लिहिले की पुरे. हललेला हात आणि ओठ तेवढे नव्याने लिहावे. दुसरे असे की, बारीक रंगछटांतील पुष्कळसा फरक आपल्या डोळ्यास कळतच नाही. तो गाळला तरी चित्र तेच वाटते. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. खव्यात पाणी घालून पहिले दूध परत मिळत नाही, तसेच या रीतीत जे गाळले ते परत येत नाही. म्हणून मूळ चित्रण जपावे. हा धडा आम्ही ९ तासांचे मोल देऊन शिकलो.

एक निबंध आणि पुष्कळ पेटंटे

या आटवण्याच्या मुळाशी जे गणित आहे, ते देणारा माणूस आपल्या शेजारच्या कर्नाटकातील आहे. नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात शिकवीत असता १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती रीतीवर काम करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारण्यात आले. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव या सहकाऱ्यांसह जानेवारी १९७४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे त्या रीतीचे नाव. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून त्यांतील ठळक काय आणि बारीक काय हे वेगळे करण्याची ती युक्ती. मोबाइलवरील छायाचित्रांची जेपेग ही जात आणि चित्रफितींच्या बहुतेक जाती तिच्यावरच उभ्या आहेत. निबंध छापला, ज्याला वाचायचा त्याने वाचला, ज्याला वापरायचा त्याने वापरला.

पुढे मात्र वाट वळली. १९८८ साली एमपेग नावाचे तज्ज्ञमंडळ निघाले. एका कंपनीची फीत दुसरीच्या यंत्रावर चालावी, यासाठी त्याने नियम बांधून दिले. हे उपकारक काम होते. २००३ साली एच.२६४ ही रीत ठरली आणि ती इतकी पसरली की, आज आपण पाहतो त्या चित्रफितींचा फार मोठा भाग तिच्यातच आहे. पण या नियमांचे पुस्तक उघडे असले तरी त्यातील युक्त्यांवर अनेक कंपन्यांची पेटंटे होती. ही पेटंटे एकत्र बांधून, परवाने देऊन पैसे वसूल करणारी एमपेग एलए नावाची संस्था एच.२६४ च्या आधीच, एमपेगच्या जुन्या रीतींच्या वेळी उभी राहिली होती. वाचावे कोणीही, करून विकायचे तर पट्टी भरावी, असा व्यवहार झाला.

चित्रपटाच्या जगात हा प्रकार नवा नव्हता. १९०८ साली अमेरिकेत एडिसन आणि इतर मालकांनी कॅमेऱ्याची व प्रक्षेपकाची पेटंटे एकत्र करून एक मक्तेदार संघ काढला. त्याच्या परवान्यावाचून तेथे चित्रपट काढणे कठीण झाले. १९१५ साली न्यायालयाने तो संघ बेकायदेशीर ठरवला. शंभर वर्षांत यंत्रे बदलली; यंत्राच्या दारात पट्टी घेण्यास बसण्याची कल्पना तशीच राहिली.

उघड्या भट्ट्या

आता दुसरी बाजू पाहू. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणककाराने घोषणा केली की, आपण सर्वांनी मोकळेपणाने वापरावी अशी एक संपूर्ण संगणकप्रणाली लिहिणार. त्यातूनच १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना निघाला. त्याचा आशय असा: हा प्रोग्रॅम वापरा, त्याची घडण पाहा, बदला, दुसऱ्यास द्या, मात्र द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच सर्व हक्क द्या. आम्ही संघटनेतील माणसे करारनाम्याची भाषा ओळखतो. हा दानधर्म नव्हे. हा करार आहे, आणि त्यातील शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यामुळे सामाईक विहिरीवर कोणास कुलूप घालता येत नाही.

या वाटेने चित्रफितींच्या भट्ट्या निघाल्या. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका तंत्रमहाविद्यालयातील विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान जाळे हवे होते. ते मिळवण्याच्या खटपटीत त्यांनी जाळ्यावरून चित्रफीत दाखवण्याचा उद्योग सुरू केला. त्यातून व्हीएलसी हा नारिंगी शंकूचा प्रोग्रॅम निघाला आणि २००१ साली तो जीपीएलखाली सर्वांना मिळाला. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणककाराने एफएफएमपेग सुरू केले. जवळजवळ कोणत्याही जातीची फीत घ्यावी आणि कोणत्याही जातीत करून द्यावी, असे हे अवजार आहे. त्यात बटणे नाहीत. आज्ञा लिहावी लागते. पुढे व्हीएलसीच्याच मंडळींत एक्स२६४ निघाले, जे एच.२६४ च्या रीतीने आटवण्याचे काम इतके सुबक करते की, धंदेवाईक प्रोग्रॅमांशी त्याची बरोबरी होऊ लागली. ज्यांना आज्ञा लिहिणे जड जाते त्यांच्यासाठी हँडब्रेक आहे. ते २००३ साली सुरू झाले आणि त्याची पहिली ‘पक्की’ आवृत्ती २०१६ च्या डिसेंबरात निघाली. तेरा वर्षे करणाऱ्यांनी ते कच्चेच मानले! असा कारागीर आता दुर्मिळ.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. प्रोग्रॅम मोकळा असणे आणि रीत मोकळी असणे या दोन गोष्टी आहेत. एक्स२६४ ही भट्टी मोकळी, पण तिच्यातील पाककृतीवर पेटंटे. म्हणून काहींनी पाककृतीच मोकळी करण्याचा ध्यास घेतला. ऑन२ नावाच्या कंपनीने २००१ साली आपली एक जुनी रीत मोकळी केली. तिच्यापासून थिओरा झाली. २०१० साली गूगलने ती कंपनी घेऊन तिची नवी रीत वेबएम या नावाने खुली केली. २०१५ साली अनेक मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि २०१८ साली एव्ही१ ही रीत निघाली. कंपन्यांना एकाएकी परमार्थ सुचला असे आम्ही समजत नाही. पट्टी भरणाऱ्यांनाही ती जड झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशातही २००४ च्या डिसेंबरात वटहुकमाने प्रोग्रॅमवरील पेटंटांना काही वाट करून देण्याचा प्रयत्न झाला होता. २००५ च्या कायद्यात ती दुरुस्ती गळाली, आणि निव्वळ प्रोग्रॅमला पेटंट नाही हे कलम कायम राहिले.

फूट

या चळवळीत सारे गोडच होते असे आम्ही सांगणार नाही. २०११ साली एफएफएमपेगमध्ये फूट पडली. नेतृत्व कोणी करावे, कोणाचे काम कोणी तपासावे, यावरून वाद विकोपास गेला आणि एक गट लिबएव्ही या नावाने वेगळा झाला. काही मोठ्या वितरकांनी नव्या गटाचा प्रोग्रॅम घेतला. जुन्या गटाचा प्रमुख मिखाएल नीडरमायर मात्र विरोधकांनी केलेल्या सुधारणाही उचलून आपल्या प्रोग्रॅमात मिसळत राहिला. २०१५ साली डेबियन हा वितरक पुन्हा एफएफएमपेगकडे आला, आणि त्याच वर्षी नीडरमायरने प्रमुखपदाचा राजीनामा दिला.

हे वाचताना आम्हांला आमच्या संघटनेची फूट आठवली. आमच्यात फूट पडली तेव्हा पहिले भांडण कचेरीच्या किल्लीवरून झाले, दुसरे पावतीपुस्तकावरून. ज्याच्याकडे दप्तर राहिले त्याचीच संघटना खरी ठरली. तेथे तसे झाले नाही, कारण दप्तर दोघांकडेही संपूर्ण होते. परवानाच असा होता की, एका गटास दुसऱ्याला कामाबाहेर काढता येईना. भांडण झाले, पण काम बुडाले नाही.

दुसरी गोष्ट व्हीएलसीची. २०११-१२ मध्ये त्याच्या गाभ्याचा परवाना बदलावा असे ठरले. ज्याने ज्याने त्यात ओळी लिहिल्या त्याची संमती घेणे आवश्यक होते. दोनशेहून अधिक माणसे जगभर पांगलेली. त्यांतील कित्येकांनी ते काम केव्हाच सोडलेले. त्यांना शोधून एकेकाची परवानगी घेण्यात आली. आम्ही सभेत हात वर करवून ठराव पास करणारी माणसे. आम्हांला याची थोडी लाज वाटली हे कबूल करतो.

कोल्हापूर आणि मुंबई

हे सारे परदेशात घडले, आपला त्यात काय वाटा, असे कोणी विचारील. आपला वाटा जुना आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा घरीच करण्याचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ च्या सुमारास तो पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. विलायती यंत्र विकत घेणे एवढीच वाट आहे असे त्यांनी मानले नाही.

तोच गुण नव्वद वर्षांनी मुंबईत दिसतो. २००८ साली तेथे पॅड.मा नावाचा चित्रण-संग्रह सुरू झाला. मुंबईचे कॅम्प, मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू, बंगळूरचे अल्टरनेटिव्ह लॉ फोरम, आणि बर्लिनचे काही संगणककार यांनी मिळून तो उभा केला. पूर्ण झालेले चित्रपट जपणाऱ्या संस्था होत्याच. परंतु माहितीपट करताना पाच मिनिटे वापरली जातात आणि पाच तास पडून राहतात. त्या पडून राहिलेल्या चित्रणाला घर नव्हते. पॅड.माने ते मागवले, प्रत्येक तुकड्यापुढे त्यात काय बोलले गेले आणि काय दिसते हे लिहून काढले, आणि ते पाहण्यास खुले केले. शब्दावरून शोधावे आणि नेमक्या त्या क्षणी जाऊन पोहोचावे, अशी सोय केली.

आणि त्यांची भट्टी कोणाची? बर्लिनच्या त्या मंडळींपैकी यान गेर्बर याने एफएफएमपेगच्या आधारावर, फीत थिओरा या मोकळ्या रीतीत आटवणारा प्रोग्रॅम लिहिलेला होता. संग्रहाची चौकट म्हणून जी प्रणाली तयार झाली, ती पॅनडोरा, तीही उघडी आहे. २०१३ साली तिच्यावरच भारतीय चित्रपटांसाठी इंडियनसिने.मा हा दुसरा संग्रह उभा राहिला. एकाने विहीर खणली, दुसऱ्याने तिच्यावर मोट बसवली, तिसऱ्याने मळा केला. पाणीपट्टी कोणीच लावली नाही.

मुंबईच्याच आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रमही येथे सांगितला पाहिजे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे मोकळे प्रोग्रॅम शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे चित्रफितींचे पाठ तयार झाले, आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलले गेले. इंग्रजी न येणाऱ्यास ही विद्या मिळावी हा त्यामागील हेतू. आमच्यासारख्यांना तो पोहोचला आहे, याचे आम्ही साक्षीदार आहोत.

भाड्याच्या भट्टीची बाजू

आता मालकपक्षाचेही ऐकले पाहिजे. वाटाघाटीचा तो पहिला नियम आहे. ज्या वाहिनीला रोज शेकडो तासांचे चित्रण दहा-दहा आकारांत आटवून द्यायचे आहे, तिला यंत्रे, वीज आणि रात्रपाळीची माणसे लागतात. तिने ते काम मिनिटाच्या दराने बाहेर दिले तर त्यात गैर काही नाही. मोकळी भट्टी फुकट असली तरी सरपण फुकट नाही. आमच्या कचेरीतील जुना संगणक तासाभराची फीत आटवण्यास कधी कधी सारी रात्र घेतो.

परंतु भाड्याच्या भट्टीचा धोका तिच्या दरात नाही. ती बंद करणे मालकाच्या हाती आहे, हा खरा धोका. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीची अझूर मीडिया सर्व्हिसेस ही सेवा ३० जून २०२४ रोजी बंद झाली. आगाऊ सूचना मिळाली होती, तरी गिऱ्हाइकांना आपले बिऱ्हाड हलवावेच लागले. गंमत अशी की, अशा अनेक सेवांच्या पोटात एफएफएमपेगच जळत असते. म्हणजे दूध आमचे, चूल सर्वांची, आणि भाडे भट्टीच्या दाराचे!

उघडेपणालाही शत्रू आहेत. २०२२ साली व्हीएलसीचे संकेतस्थळ आपल्या देशात सरकारी आज्ञेने अडवले गेले. आज्ञेची प्रत आणि कारण मागत कायदेशीर नोटीस गेली, तेव्हा नोव्हेंबरात ते पुन्हा खुले झाले. तोवर ज्यांच्याकडे प्रोग्रॅम होता त्यांचे काम चालूच राहिले, कारण प्रत त्यांच्याच संगणकात होती.

मजुरीचा प्रश्न

कामगार चळवळीतील माणूस म्हणून एक प्रश्न आम्ही टाळू शकत नाही. या भट्ट्या बांधणाऱ्यांची मजुरी कोण देतो? पुष्कळांना कोणीच देत नाही. ते रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम करतात. त्यांच्या कामावर कोट्यवधींचे धंदे चालतात, आणि बिघाड निघाला की तो तातडीने दुरुस्त करण्याची अपेक्षाही त्यांच्याकडूनच. फडात जाऊन ऊस फुकट तोडून द्यावा आणि वर कारखान्याने मोळी सैल बांधली म्हणून दंड लावावा, त्यातला हा प्रकार. २०२४ साली जर्मनीतील एका सरकारी निधीने एफएफएमपेगच्या देखभालीसाठी पैसे दिले. रस्त्याची डागडुजी सरकार करते, तशी सर्वांच्या वापरातील अवजाराची डागडुजीही सार्वजनिक खर्चातून व्हावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्या विद्यापीठांनी आणि सरकारने ते मान्य करावे, अशी मागणी आम्ही या व्यासपीठावरून करतो. फुकट मिळते म्हणून त्यामागील श्रम नाहीत असे समजणे, हे मालकाचे गणित आहे. ते कामगाराने करू नये.

आता आम्ही काय करतो

गेली काही वर्षे संघटनेच्या कचेरीत एक संगणक आहे. बारावी झालेल्या आमच्या एका कार्यकर्त्याच्या मुलीने हँडब्रेक प्रथम शिकून घेतले, मग एफएफएमपेगच्या आज्ञा. तिने आम्हांला शिकवले. वहीत मराठी अक्षरांत त्या आज्ञा लिहून घेतल्या तेव्हा कोठे त्या आमच्या लक्षात राहू लागल्या. उरलेले २२ तास तिने पुन्हा नीट लावले. मूळ प्रती दोन वेगवेगळ्या घरी ठेवल्या आहेत. आटवलेल्या प्रती मोबाइलवर फिरतात. आता शाळेचे स्नेहसंमेलन, सप्त्यातील कीर्तन, ग्रामसभा यांचेही चित्रण तिच्याकडे येते. ती दर तासामागे ठरलेली मजुरी घेते, आणि ती घ्यावी असा आमचाच आग्रह आहे.

गेलेले ९ तास परत आले नाहीत. त्या आजीबाईंच्या लेकीकडे आम्ही पुन्हा गेलो. आईने जे सांगितले होते त्यातले जेवढे तिला आठवत होते तेवढे तिने सांगितले. चाळीस मिनिटे झाली. आईच्या बोलण्यातल्या म्हणी तिला येत नव्हत्या, आणि एके ठिकाणी ती म्हणाली, “पुढचं आईलाच ठावं.”

तेव्हा आपणांस एवढीच विनंती आहे. लग्नाच्या, मोर्चाच्या, वडीलधाऱ्यांच्या बोलण्याच्या जुन्या फिती, कार्डे आणि तबकड्या ज्यांच्या घरी पडून असतील, त्यांनी त्या पुसण्याआधी एकदा आमच्या कचेरीत आणाव्यात. संध्याकाळी सहानंतर दार उघडे असते. आटवण्याचे काम आपल्यासमोर होईल, आणि ते कसे करतात हे ज्याला शिकायचे असेल त्याने शेजारी बसावे.